आरसा धरणारी परिचारिका

नोव्हेंबर १९२९ मध्ये 'क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट' या जर्मन वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता, उजव्या हृदयात नळी घालून त्याचा ठाव घेणे. लेखक वेर्नर फोर्समान हा बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावातील रुग्णालयात काम करणारा पंचविशीतला उमेदवार डॉक्टर. त्याने स्वतःच्या डाव्या कोपराजवळची नीला उघडली, मूत्रमार्गासाठी वापरतात तसली बारीक नळी तीत सारली, ती ६५ सेंटिमीटर आत नेली आणि तशाच अवस्थेत जिने चालत क्ष-किरण विभाग गाठला. नळी हृदयापर्यंत पोहोचल्याचे चित्र त्याने पडद्यावर पाहिले व त्याचा पुरावा छायाचित्रात नोंदवून ठेवला. ह्या धाडसाचा गौरव व्हायला पुढे सत्तावीस वर्षे लागली. १९५६ चे नोबेल पारितोषिक त्याला आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासह मिळाले.

ही हकिकत वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली गेली आहे, आणि आम्हांला ती पुन्हा सांगायची नाही. आमचे लक्ष त्या लेखातील एका तपशिलाकडे गेले. नळी आत सरकते आहे की नाही हे फोर्समानला स्वतःला दिसावे म्हणून क्ष-किरणांच्या पडद्यासमोर एका परिचारिकेने आरसा धरला होता. तिचे नाव लेखात नाही. आरसा तेवढा आहे, आणि तो धरणारा कुणाचातरी हात आहे.

१९७२ साली फोर्समानने आत्मचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा याच प्रसंगाचे दुसरे कथन समोर आले. मूळ लेखानुसार पहिला प्रयत्न एका सहकारी डॉक्टरच्या मदतीने झाला, तो त्याने धोक्याच्या भीतीने अर्ध्यावर थांबवला आणि आठवड्याने फोर्समानने एकट्यानेच प्रयोग पूर्ण केला. आत्मचरित्रात मात्र गेर्डा डिट्झेन ही परिचारिका अवतरते. वरिष्ठांनी प्रयोगाला परवानगी नाकारलेली. निर्जंतुक उपकरणांच्या कपाटाच्या किल्ल्या गेर्डाच्या ताब्यात. फोर्समान तिची मनधरणी करतो, वैद्यकाची पुस्तके वाचायला देतो, प्रयोगाचे महत्त्व पटवतो. अखेर ती किल्ल्या तर देतेच, शिवाय हा प्रयोग माझ्यावर करा असेही म्हणते. तो तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवतो, तिचे हातपाय बांधतो, तिच्या दंडाला आयोडीन लावण्याचे नाटक करतो आणि तिची नजर चुकवून छेद घेतो तो स्वतःच्या कोपरावर. आपली फसवणूक झाली हे गेर्डाला उमगते तेव्हा नळी त्याच्या शिरेतून वर चढलेली असते. मग तो तिचे बंध सोडतो आणि दोघे जिन्याकडे निघतात.

एकच घटना, एकच लेखक आणि दोन संहिता. एकीत 'मी एकट्याने' असा निर्वाळा. दुसरीत त्या एकट्याच्या शेजारी बांधून ठेवलेली, फसवलेली आणि तरीही मदतीला उभी राहिलेली एक स्त्री. कोणते कथन अधिक खरे, याचा निवाडा करण्यापेक्षा दोन्ही कथने कोणत्या प्रकारच्या लेखनात येतात हे पाहणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. शास्त्रीय निबंधाच्या व्याकरणात कर्ता एकच असतो आणि परिचारिका करणकारकात येते, जणू तीही आरशासारखे एक साधन. तिला नाव मिळते ते आत्मचरित्रात, त्रेचाळीस वर्षांनंतर. आणि तेही त्याच्याच शब्दांत, त्याच्याच गोष्टीतील एक पात्र म्हणून.

हृदयात नळी घालण्याचा सारा इतिहास असाच लिहिला गेला आहे. आत कोण गेले, कुठल्या वाटेने गेले आणि काय पाहून आले, याचा तो इतिहास आहे. पण आत जाण्यासाठी शरीराला जे छिद्र पडते त्याचे पुढे काय होते? ते कोण दाबून धरते? नळी काढल्यावर, पारंगत मंडळी हात धुऊन निघून गेल्यावर, खाटेशी कोण उरते? ह्या दुसऱ्या इतिहासाला नोबेल नाही. त्याचे यश मुळी काही न घडण्यात असते, आणि न घडलेल्या गोष्टींचा इतिहास लिहायचा कसा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही परका नसावा.

फोर्समानने निवडलेली वाट नीलेची होती. नीलेतील रक्ताचा दाब कमी; छिद्र लवकर मिटते. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी उजव्या हृदयातील दाब आणि रक्ताचा प्रवाह मोजण्याचे शास्त्र उभे केले, तेही नीलेच्याच वाटेने. धमनीची गोष्ट वेगळी. तिच्यातील रक्त हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी उसळते. तीत शिरायचे तर पूर्वी त्वचा कापून धमनी उघडी करावी लागे आणि काम झाल्यावर टाके घालून ती शिवावी लागे.

ही अडचण १९५३ साली स्टॉकहोममधील तरुण क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इवार सेल्डिंगर याने सोडवली. सुई धमनीत घालायची, सुईतून एक लवचीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. इतकी साधी ही रीत आजही जगभर वापरात आहे. परंतु तिचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. सेल्डिंगरने छेद टाळला, त्याबरोबर टाकाही गेला. आणि टाक्याच्या जागी माणसाचा हात आला. नळी काढल्यावर धमनीतले छिद्र मिटेपर्यंत ते कोणीतरी बोटांनी दाबून धरायचे होते, आणि त्यानंतर कित्येक तास त्या जागेवर नजर ठेवायची होती.

पुढचा टप्पा अपघाताचा. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स महाधमनीचे चित्रण करीत असताना नळीचे टोक रुग्णाच्या उजव्या हृद्‌धमनीत शिरले आणि चित्रणाचे द्रव्य थेट तीत गेले. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबले. सोन्सने त्याला खोकायला सांगितले. तो खोकला आणि ठोके परत सुरू झाले. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांचे नेमके चित्र घेता येते, हा शोध असा लागला. सोन्स दंडातील धमनी उघडून काम करी. १९६७ साली मेल्विन जडकिन्सने हृद्‌धमन्यांच्या तोंडाशी आपोआप जाऊन बसतील अशा वळणांच्या नळ्या घडवल्या आणि त्या सेल्डिंगरच्या रीतीने जांघेतून नेल्या. तेव्हापासून पुढची काही दशके जांघ हाच हृदयाचा महादरवाजा ठरला.

ह्याच दशकात परिचारिकेचे स्थानही बदलत होते. हृदयविकाराच्या रुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता कक्ष १९६० नंतर सुरू झाले. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर यांच्या कक्षाची तर भिस्तच परिचारिकांवर होती. घातक अनियमित ठोके सुरू झाले तर डॉक्टर येईपर्यंतची मिनिटे निर्णायक असतात. म्हणून पडद्यावरचा आलेख वाचण्याचे शिक्षण आणि विजेचा झटका देण्याचा अधिकार परिचारिकेला मिळाला. १९६५ साली परिचारिकांसाठी निघालेल्या तिथल्या मार्गदर्शिकेवर मेल्टझर व किचेल या डॉक्टरांबरोबर रोझ पिनिओ या परिचारिकेचेही नाव लेखिका म्हणून आहे. १९२९ च्या लेखातील निनावी हातापासून मुखपृष्ठावरील नावापर्यंतचे हे अंतर छत्तीस वर्षांचे आहे.

ह्या कामाचे स्वरूप पुस्तकांतून पुरते कळत नाही. ते आम्हांला एका रात्रीने शिकवले. काही वर्षांपूर्वी आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांची, निवृत्त मराठीच्या शिक्षकांची, जांघेतून अँजिओप्लास्टी झाली. त्या रात्री आम्ही पाळीपाळीने त्यांच्या उशाशी होतो. शीथ काढली तेव्हा छिद्राच्या किंचित वर दोन-तीन बोटे रोवून दाब दिला गेला. वरच का, तर सुई तिरकी जाते आणि धमनीतले छिद्र त्वचेवरच्या छिद्राच्या थोडे वर असते. वीस मिनिटे तो दाब हलला नाही. थांबले का, म्हणून मध्येच बोट उचलून पाहण्याचा मोह आम्हांला झाला असता. पण ज्या गुठळीने छिद्र मिटायचे ती अशा उत्सुकतेनेच निसटते. त्या वेळी परिचारिकेचे डोळे जखमेवर नव्हते, रुग्णाच्या चेहऱ्यावर होते. जांघेतील दाबाने आणि वेदनेने कधी नाडी एकदम मंदावते, रक्तदाब कोसळतो, माणूस पांढरा पडून घामाघूम होतो. अशा वेळी पाय उंच करण्याची आणि सलाइन व औषध देण्याची तयारी हाताशी असावी लागते.

मग सुरू झाली पहाऱ्याची रात्र. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग तासाने ती येत होती. नाडी, रक्तदाब, जांघेची जागा. पट्टी कोरडी आहे ना, आजूबाजूला सूज किंवा कडकपणा नाही ना, हे ती बोटांनी चाचपून पाही. नंतर पाऊल. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागे आतल्या अंगाला नाडी लागते. त्या जागी सकाळीच, प्रक्रियेच्या आधी, पेनाने खूण करून ठेवलेली होती; कारण आत्ताची नाडी क्षीण आहे की ती मुळातच तशी होती, हे ठरवायला आधीची नोंद लागते. पाऊल थंड किंवा फिकट पडले, मुंग्या आल्या, तर गुठळीने धमनी अडली असण्याची शक्यता. चित्रणाचे द्रव्य मूत्रपिंडांना बाधू नये म्हणून किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली याचीही नोंद होत होती. "काका, पाय दुमडायचा नाही बरं का. मान उचलू नका. खोकला आला तर आधी इथं हातानं दाबून धरा," हे ती दर खेपेला तितक्याच शांतपणे सांगत होती.

रात्री दोनच्या सुमारास सर म्हणाले, पाठ दुखते आहे. सरळ पडून कोणाचीही पाठ दुखेल, असे आम्हांला वाटले आणि आम्ही ते बोलूनही दाखवले. ती मात्र थांबली. सुई जांघेत जागेपेक्षा वर लागली असेल तर रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या पोकळीत साचत जाते. पट्टी कोरडी राहते, जांघ मऊ राहते. बोलतात ती फक्त पाठ, कूस आणि उतरता रक्तदाब. तिने रक्तदाब दोनदा मोजला, पोट आणि कूस दाबून पाहिली, डॉक्टरांना फोन केला, रक्त तपासायला पाठवले आणि पुढचा तासभर पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांनी येत राहिली. काही निघाले नाही. पाठ पडून राहिल्यानेच दुखत होती. आमचा अंदाज बरोबर ठरला. पण तो अंदाज होता आणि तिचे ते ज्ञान होते, हा फरक आम्हांला त्या रात्री कळला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि आपण जवळ नसतानाही काळजी चालू राहील अशी व्यवस्था लावण्यावर दुसरे. पेनाची ती खूण, तो तक्ता, पाळी बदलताना दुसरीला दिलेला तोंडी अहवाल, हे सारे त्या दुसऱ्या प्रकरणाचेच वंशज. निरीक्षण हे एकीचे असते. नोंदीमुळे ते अनेकींचे होते.

ह्या पहाऱ्याचा भार प्रत्येक वैद्यकीय यशाबरोबर वाढत गेला, हे इतिहासकारांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्ट्झिगने जाग्या रुग्णाची हृद्‌धमनी फुग्याने रुंदावली. १९८६ पासून धमनीत स्टेंट बसू लागले. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून सुरुवातीच्या वर्षांत रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा असा मारा होई की हृदयातील धमनी वाचली तरी जांघेतील छिद्रातून रक्तस्राव होत राही आणि मुक्काम लांबे. आत गुठळी होऊ द्यायची नाही आणि बाहेर मात्र ती व्हायलाच हवी, हा पेच तंत्राने निर्माण केला आणि तो निस्तरण्याचे काम खाटेशी असलेल्या व्यक्तीकडे आले.

परिचारिकांनी हा वारसा निमूटपणे चालवला असेही नाही. जांघेवर वाळूची पिशवी ठेवण्याचा प्रघात जगभर होता. कोणी विचारत नव्हते इतका तो अंगवळणी पडला होता. १९९० च्या दशकात परिचारिकांनी स्वतःच अभ्यास करून त्याला प्रश्न विचारले. पिशवीने रक्तस्राव कमी होतो असे दिसेना. ती सरकते, रुग्णाला त्रास देते आणि जी जागा सतत डोळ्यांसमोर हवी तीच झाकून टाकते. रात्रभर निश्चल पडून राहण्याचा दंडकही असाच तपासला गेला आणि बऱ्याच रुग्णांसाठी तो काही तासांवर आला. रूढीला आतून, रोजच्या अनुभवातून प्रश्न विचारण्याची ही उदाहरणे आमच्या मते कोणत्याही समीक्षकाने अभ्यासावीत अशी आहेत.

मग दरवाजा पुन्हा बदलला. १९८९ साली मॉन्ट्रियलच्या ल्युसिएं कांपो यांनी मनगटातील धमनीतून शंभर रुग्णांची तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले; १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फर्दिनांद किमनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. मनगटात धमनी हाडावर उथळ असते, दाबायला सोपी. हाताला दुसऱ्या धमनीचाही पुरवठा असतो. तो पुरवठा पुरेसा आहे का हे पाहण्यासाठी जी चाचणी पुढे वापरात आली ती एडगर ॲलन या डॉक्टरने भलत्याच रोगासाठी वर्णिली होती आणि तीही १९२९ सालीच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७०२१ रुग्णांच्या 'रायव्हल' या चाचणीत छिद्राच्या जागी होणारी मोठी गुंतागुंत जांघेच्या बाबतीत ३.७ टक्के, तर मनगटाच्या बाबतीत १.४ टक्के आढळली.

मनगटामुळे पहारा संपला नाही. त्याचे स्वरूप बदलले. आता हवेने फुगणारा पट्टा मनगटावर बसतो आणि परिचारिका ठरलेल्या अंतराने थोडी थोडी हवा सोडत जाते. पट्टा फार आवळला तर रक्त थांबते, पण धमनीच कायमची बंद पडू शकते. म्हणून रक्त बाहेर येणार नाही आणि आतला प्रवाह मात्र चालू राहील, असा नेमका दाब साधायचा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्या रीतीने, चोवीस तासांनंतर धमनी बंद आढळण्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. त्यासाठी परिचारिका दुसरी धमनी बोटाने दाबते आणि अंगठ्यावरील यंत्रात नाडीची लाट उरते का ते पाहते. म्हणजे थांबवणे आणि वाहू देणे ही दोन्ही कामे एकाच हाताची.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा असणारा. त्याचे गुणही चारच : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममता आणि शुचिता. त्यात ज्ञान पहिले आले आहे, हे आम्हांला लक्षणीय वाटते. आपण परिचारिकेचे कौतुक करतो ते प्रायः तिसऱ्या गुणाचे. सेवाभाव, वात्सल्य, त्याग असे शब्द आपल्या भाषणांतून आणि कथा-कादंबऱ्यांतून सहज येतात. पाठदुखी ऐकून थांबलेल्या त्या मुलीचा पहिला गुण मात्र आपल्या भाषेत अजून पुरता उतरलेला नाही. अर्थात, चरकानेही चौघांत प्रमुख ठरवला तो वैद्यच.

सरांना तिसऱ्या दिवशी घरी सोडले. हाती आलेल्या कागदावर डॉक्टरांची नावे होती, स्टेंटची लांबी, व्यास आणि क्रमांक होता, औषधांची यादी होती. 'गुंतागुंत' ह्या रकान्यापुढे एकच शब्द होता : नाही. तो शब्द कसा लिहिला जातो हे आम्ही रात्रभर पाहिले होते.

गाडीत बसल्यावर सरांनी विचारले, "रात्रीच्या त्या बाईंचं नाव काय रे? दोन ओळी लिहून पाठवल्या असत्या." आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्ही तिला रात्रभर 'सिस्टर' म्हणूनच हाक मारली होती.